तरुणपणी आवडलेले पारंपरिक जॅझ आज परके का वाटते?

नमस्कार.

आपला प्रश्न मी असा समजतो. १९७०च्या सुमारास, कॉलेजात असताना, वांद्र्याला एका गोवेकर मित्राच्या घरी आपण त्याच्या वडिलांच्या रेकॉर्डी ऐकत होता. घोगऱ्या आवाजात गाणारा आणि मध्येच ट्रम्पेट वाजवणारा एक कलाकार, आणि नुसत्या क्लॅरिनेटवर वाजवलेली एक संथ, उदास धून, एवढे आपल्याला आजही स्पष्ट आठवते. पुढे नोकरी, बदल्या आणि संसार यांत ते मागे पडले. आता निवृत्तीनंतर मुलीने ब्लूटूथ स्पीकर आणून दिला, त्यावर पारंपरिक जॅझची एक तयार यादी लावली, आणि अर्ध्या तासात कंटाळा आला. सगळे एकसारखे, चिरके आणि गोंगाटाचे वाटले. मित्राच्या कुटुंबाने मुंबई सोडताना दिलेली तबकड्यांची एक पेटी आपल्याकडे अजून आहे. आवड गेली की कान गेले, आणि रेकॉर्ड प्लेअर घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे पुण्यात जुन्या तबकड्यांवरचे संगीत डिजिटल स्वरूपात उतरवून देण्याचे काम करतो आणि जॅझ ऐकण्याची एक लहानशी बैठकही चालवतो. साठी ओलांडल्यावर या संगीताकडे परत येणारे अनेक श्रोते मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार आपल्यासारखीच असते. त्या अनुभवावरून मला असे वाटते की आपली आवड गेलेली नाही. आपण तेव्हा जे ऐकत होता ते आणि आज त्या यादीत जे वाजते ते, या दोन वेगळ्या गोष्टी असण्याची दाट शक्यता आहे. शिवाय तीन वाद्ये एकाच वेळी तीन निरनिराळ्या चाली वाजवत असताना त्या सुट्या ऐकण्याची कानाची सवय मोडलेली असते. पहिली गोष्ट शोधाशोध करून सुटते, दुसरी थोड्या सरावाने. कानांची तपासणी आणि रेकॉर्ड प्लेअर हे विषय त्यानंतरचे आहेत आणि त्यांची उत्तरे आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत.

पारंपरिक जॅझ या एका नावाखाली निदान तीन काळांचे संगीत एकत्र बांधले जाते. पहिला काळ १९१७ ते १९२९ या दरम्यानच्या मूळ ध्वनिमुद्रणांचा. किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने १९२३च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी केलेल्या तबकड्या, लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’च्या १९२५पासूनच्या शिकागोतील तबकड्या, आणि जेली रोल मॉर्टनच्या ‘रेड हॉट पेपर्स’च्या १९२६च्या तबकड्या या काळातल्या. दुसरा काळ चाळीस आणि पन्नासच्या दशकांतल्या पुनरुज्जीवनाचा. या काळात न्यू ऑर्लिन्समधले विस्मरणात गेलेले जुने वादक पुन्हा ध्वनिमुद्रित होऊ लागले आणि १९४७मध्ये आर्मस्ट्राँगने मोठा वाद्यवृंद सोडून ‘ऑल स्टार्स’ हा छोटा संच उभा केला. तिसरा काळ ब्रिटिश वादकांचा. ख्रिस बार्बर, ॲकर बिल्क, केनी बॉल यांच्या संचांनी पन्नाशीच्या दशकात आणि साठीच्या सुरुवातीला इंग्लंडात ही शैली लोकप्रिय केली, आणि बीटल्स आल्यावर ती लाट ओसरली.

आपण ज्या घरात ऐकत होता तिथे यांपैकी काय असेल? भारतात तेव्हा मिळणारा पाश्चात्त्य संगीताचा माल मोठ्या प्रमाणावर ब्रिटिश ईएमआय समूहाच्या ग्रामोफोन कंपनीमार्फत येत होता आणि कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापला जात होता. त्यामुळे माझा अंदाज असा की आपल्या कानांवर मुख्यतः पन्नास-साठच्या दशकांतल्या एलपी (मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या लांब तबकड्या) पडल्या असाव्यात, म्हणजे चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित झालेले भरदार आवाज. आता जी यादी आपण लावली तिच्यात १९२३ची एक तबकडी, लगेच १९५९ची एक, मग पुन्हा १९२७ची, असा क्रम असणार. ध्वनीची जात दर तीन मिनिटांनी बदलत राहिली की कान एकदाही स्थिरावत नाहीत, आणि मनात जपलेला तो भरदार आवाज न मिळाल्यामुळे हे ते नव्हे अशी भावना येते. ती भावना खरीच आहे. तिच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

म्हणून आधी आपल्या दोन आठवणींचा माग काढू. घोगऱ्या आवाजाचा ट्रम्पेटवादक आर्मस्ट्राँगच असावा, याबद्दल मला फारशी शंका नाही. क्लॅरिनेटच्या धुनेबद्दल मात्र दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या करणे सोपे आहे. क्लॅरिनेटच्या मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा असेल आणि क्लॅरिनेट खालच्या सप्तकात, कंपायमान सुरात वाजत असेल, तर ती ॲकर बिल्कची ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’ असावी. ही तबकडी १९६२मध्ये अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि आपल्याकडेही ऐकायला मिळत होती. मागे व्हायोलिने नसून फक्त गिटार, बास आणि हलके ड्रम असतील, तर ती ‘पेतीत फ्लर’ असावी. ही धून सिडनी बेशे या न्यू ऑर्लिन्सच्या वादकाची. त्याने ती सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवली होती, पण जगभर गाजली ती ख्रिस बार्बरच्या संचातल्या मॉन्टी सनशाइनने क्लॅरिनेटवर वाजवलेली. तिचे मुद्रण १९५६चे आणि लोकप्रियता १९५९ची. या तबकडीबद्दल असे सांगतात की संचाने बेशेची रेकॉर्ड ज्या प्लेअरवर ऐकून धून बसवली तो थोडा जलद फिरत होता, आणि त्यामुळे त्यांच्या वादनाची पट्टी मूळ पट्टीपेक्षा अर्ध्या सुराने चढी राहिली. आपल्याला बेशेचे मूळ वादन ऐकून काहीतरी चुकल्यासारखे वाटले, तर त्यामागे वाद्याच्या फरकाइतकाच हा पट्टीचा फरकही असू शकतो. पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेली पट्टी कान आश्चर्यकारक नेमकेपणाने धरून ठेवतात, हे मी बैठकीत वारंवार पाहिले आहे.

ऑनलाइन शोधताना एक सापळा टाळावा. तिथे दिसणारे साल बहुधा पुनर्प्रकाशनाचे असते. १९२७च्या वादनापुढे २००५ असे लिहिलेले सापडते. शिवाय आर्मस्ट्राँगने आपल्या गाजलेल्या रचना आयुष्यात अनेकदा पुन्हा मुद्रित केल्या, त्यामुळे नुसत्या नावावरून नेमके कोणते वादन लागेल ते कळत नाही. मुद्रणाची तारीख आणि वादकांची नावे पडताळून पाहण्यासाठी सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची जुन्या अमेरिकन ध्वनिमुद्रणांची सूची विनामूल्य उपलब्ध आहे. अमेरिकेत १९२३ साली प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२४पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असल्याने ऑलिव्हरच्या त्या पहिल्या तबकड्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी मोकळेपणाने ऐकता येतात. मात्र एकाच तबकडीच्या निरनिराळ्या प्रतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. खरखर घालवण्याच्या नादात क्लॅरिनेटचा वरचा तेजस्वी भाग खरवडून काढलेली किंवा एकेरी (मोनो) ध्वनीला कृत्रिम स्टिरिओ आणि घुमारा चढवलेली प्रत निवडू नका. थोडी खरखर असलेली पण वाद्ये जिवंत ठेवणारी प्रत नेहमी चांगली. जॉन आर. टी. डेव्हिस या इंग्लिश तंत्रज्ञाने उतरवलेल्या प्रती मिळाल्या तर त्या डोळे मिटून घ्या. ते स्वतः जॅझ वादक होते आणि वाद्याचा खरा आवाज कोणता हे त्यांना ठाऊक होते.

आता ऐकण्याच्या सवयीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

आपण मधली चाळीस वर्षे काय ऐकले हे आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक मराठी घरांप्रमाणे नाट्यसंगीत, भावगीत, चित्रपटसंगीत आणि काही प्रमाणात ख्याल असे असेल, तर आपल्या कानांना एक मुख्य चाल आणि तिच्या मागोमाग जाणारी साथ अशी मांडणी अंगवळणी पडली आहे. संवादिनी गायकाचीच चाल धरते, सारंगी तिचीच सावली होते. न्यू ऑर्लिन्सच्या शैलीत असे नसते. तिथे कॉर्नेट (ट्रम्पेटसारखेच, पण आखूड वाद्य) किंवा ट्रम्पेट मुख्य चाल मधल्या पट्टीत ठामपणे सांगतो, क्लॅरिनेट त्याच वेळी वरच्या पट्टीत भराभर ताना घेत त्या चालीभोवती फिरतो, आणि ट्रॉम्बोन खालून लांब, घसरते सूर लावत एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जाण्याची वाट दाखवतो. एकच प्रसंग तीन भावंडे एकदमच सांगू लागली तर जसे होते तसे हे असते. तिघांचे ऐकण्याची सवय असेल तर त्यात मौज आहे, नसेल तर तो कालवा वाटतो. तरुणपणी शनिवारमागून शनिवार तीच रेकॉर्ड ऐकताना आपल्याला ही सवय नकळत लागली होती. आज दोनशे रचनांची यादी एकामागून एक लावल्यावर ती लागणे शक्य नाही.

माझा सल्ला असा की महिनाभर फक्त तीन-चार रचना घ्याव्यात आणि त्यांचा क्रम काळाच्या उलटा ठेवावा. सुरुवात आर्मस्ट्राँगने १९५४मध्ये डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराच्या रचना वाजवल्या त्या एलपीपासून करावी. तिच्यावरचा ‘सेंट लुई ब्लूज’ जवळजवळ नऊ मिनिटांचा आहे, ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे आणि तिन्ही वाद्ये सहज वेगळी ऐकू येतात: ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग, ट्रॉम्बोनवर ट्रमी यंग, क्लॅरिनेटवर बार्नी बिगार्ड. एका बैठकीत ही एकच रचना चार वेळा ऐकावी. पहिल्यांदा नुसता ठेका धरावा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यावी, कारण या संगीताचे वजन तिथे आहे आणि आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. दुसऱ्यांदा फक्त ट्रम्पेटच्या मागे जावे, तिसऱ्यांदा फक्त ट्रॉम्बोनच्या, चौथ्यांदा क्लॅरिनेटच्या. ट्रॉम्बोन बहुतेकांच्या कानांतून सर्वांत आधी निसटतो, म्हणून त्याच्या वेळी रचना पुन्हा लावावी लागली तरी हरकत नाही. ट्रॉम्बोन एकदा सापडला की बाकीचे चित्र आपोआप सुटे होऊ लागते, असा माझा अनुभव आहे.

मग मागे जाऊन आर्मस्ट्राँगचा ‘वेस्ट एंड ब्लूज’ घ्यावा. हा २८ जून १९२८ रोजी शिकागोत मुद्रित झाला. रचना किंग ऑलिव्हरची आणि नाव न्यू ऑर्लिन्सजवळच्या पाँचरट्रेन सरोवराकाठच्या एका विहारस्थळाचे. यातली पाच आवर्तने मोजत ऐकण्याची मी सर्वांना शिफारस करतो. ब्लूज या संगीतप्रकाराचे एक आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे असते, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे. विलंबित एकतालात ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल, मात्र इथे ते आवर्तन सुमारे अर्ध्या मिनिटात पुरे होते. आधाराचा सूर पहिले चार खंड षड्जावर असतो, पाचव्या खंडात मध्यमावर जातो, सातव्यात परततो, नवव्यात पंचमाचा आधार घेतो आणि अकराव्यात पुन्हा षड्जावर येतो. पियानो आणि बँजोवर लक्ष ठेवले तर हे फिरणे स्पष्ट जाणवते. षड्ज, मध्यम, पंचम या तीन मुक्कामांची जागा कानात बसली की बारावा खंड संपताना सम जवळ आल्यासारखे वाटू लागते.

या चौकटीत काय घडते ते पाहा. सुरुवातीला कोणतीही साथ नसताना एकटा ट्रम्पेट काही सेकंदांचा आलाप घेतो. चार ठाम सुरांनी तो सुरू होतो, वर चढतो आणि मग घरंगळत खाली येतो. पहिल्या आवर्तनात सर्व वाद्ये मिळून चाल मांडतात. दुसऱ्यात ट्रॉम्बोन एकटा बोलतो आणि त्याच्यामागे ड्रमवादक झुटी सिंगलटन घोड्याच्या टापांसारखा टकटक ठेका वाजवतो. तिसऱ्यात क्लॅरिनेट खालच्या सुरात एक वाक्य म्हणतो आणि आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय, नुसत्या स्वरांनी त्याला उत्तर देतो. त्याच्या घोगऱ्या आवाजाची आपली आठवण नंतरच्या काळातली आहे. इथे तोच आवाज किती हळुवार आहे ते ऐका. चौथे आवर्तन अर्ल हाइन्सच्या पियानोचे. आणि पाचव्याच्या सुरुवातीला आर्मस्ट्राँग वरचा एक सूर लावतो आणि जवळजवळ चार खंड तो तसाच धरून ठेवतो, हलू देत नाही; खाली बाकीचा संच सरकत राहतो आणि मग तो सूर फुटून तानांत मोकळा होतो. सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत यापेक्षा अधिक बांधीव काही मला ठाऊक नाही. ज्या माणसाने ख्यालातला तार षड्जावरचा मुक्काम मनापासून ऐकला आहे, त्याला या सुराचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

यानंतरच १९२३च्या ऑलिव्हरकडे जावे. ‘डिपर माउथ ब्लूज’ ही त्यातली निवड करावी. जॉनी डॉड्सचा क्लॅरिनेट आणि ऑलिव्हरची कॉर्नेटवरची तीन आवर्तने यांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी पाठ केली आहे. इथे ध्वनी अगदी दूरचा वाटेल, कारण तेव्हा मुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत आणि आवाजाच्या दाबानेच कोरणारी सुई हलत असे. जोरदार आवाजाने ती उडू नये म्हणून ड्रमवादकाला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागे. विजेवर चालणारे मुद्रण १९२५पासून सुरू झाले. हे कारण माहीत असले की तो पातळ आवाज दोष न वाटता त्या काळाची मर्यादा वाटते आणि कान त्याच्या आत शिरायला तयार होतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर आधी आपले मूळ वादन नेमके ओळखावे, मग मोजक्या रचना पुनःपुन्हा ऐकाव्यात, आणि स्वच्छ मुद्रणाकडून जुन्या मुद्रणाकडे जावे.

कानांविषयी आपली शंका रास्त आहे. वयोमानानुसार श्रवणशक्ती बहुधा वरच्या कंपनसंख्यांपासून कमी होत जाते. पण कर्ण्यावर मुद्रित झालेल्या तबकड्यांत साधारण २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी असतो, आणि वीसच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मुद्रणांतही पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या वर फारसे काही नसते. म्हणजे सत्तरीच्या कानांतून जे निसटते त्यातले पुष्कळसे या तबकड्यांत मुळातच नव्हते. उलट, मधला पट्टा चांगला असलेल्या वयस्कर श्रोत्यांना हे संगीत आजच्या मुद्रणांपेक्षा कमी नुकसान सोसून ऐकता येते. श्रवणयंत्र वापरत असाल तर मात्र एक गोष्ट तपासून घ्यावी. आमच्या बैठकीला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांना क्लॅरिनेटचा प्रत्येक लांब सूर थरथरता आणि बेसूर ऐकू येत असे, आणि दोष तबकडीत आहे असे त्या समजत होत्या. श्रवणयंत्रातली शिट्टी थांबवणारी यंत्रणा स्थिर, लांब सुरालाच शिट्टी समजून दाबू पाहते, त्यामुळे असे होते. त्यांच्या श्रवणतज्ज्ञांनी संगीतासाठी ती यंत्रणा सौम्य केलेला वेगळा कार्यक्रम यंत्रात भरून दिला आणि तक्रार मिटली. श्रवणयंत्र नसेल तरी एकदा तपासणी करून घेणे हिताचे आहे. दोन कानांत फार फरक असेल तर गर्दीतून एक वाद्य वेगळे काढणे खरोखरच अवघड जाते.

स्पीकरबद्दल काळजी नसावी. हे बहुतेक संगीत एकेरी ध्वनीचे आहे, त्यामुळे एक बरा स्पीकर पुरतो. तो टेबलावर कानाच्या उंचीला ठेवावा आणि खालचे सूर फुगवणारी सोय बंद करावी, कारण जुन्या तबकडीत त्या पट्ट्यात संगीत कमी आणि फिरत्या चकतीची घरघर जास्त असते.

आता पेटी. रेकॉर्ड प्लेअर घ्यावा की नाही हे तिच्यात काय आहे त्यावर ठरेल. तबकड्या लवचीक आणि मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या एलपी असतील, तर वजन जुळवता येणारा हात (पिन धरणारी दांडी) आणि बदलता येणारी पिन असलेला साधा पण प्रामाणिक प्लेअर घेणे योग्य ठरेल. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला सुरेख असतात, पण त्यांचा हात जड असतो आणि एलपीच्या खाचा झिजवतो. ज्या तबकडीवर आपला जीव आहे ती त्यांच्यावर लावू नये. तबकड्या जड, ठिसूळ आणि ७८ फेऱ्यांच्या असतील, तर प्रश्न वेगळा आहे. भारतात अशा तबकड्या साठच्या दशकातही छापल्या जात होत्या, म्हणून त्या असणे अगदी शक्य आहे. त्यांची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन जाडीचे टोक लागते. एलपीची पिन सुमारे २५ मायक्रॉनची, ती खाचेच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर उचलते. शिवाय ७८ हा आकडा नावापुरताच. वीसच्या दशकातल्या तबकड्यांचा वेग कंपनीनुसार कमीजास्त असे, आणि वेगात सहा टक्के चूक झाली तर पट्टी अर्ध्या सुराने सरकते. म्हणून थोड्याच तबकड्या असतील तर प्लेअर विकत घेण्यापेक्षा त्या जाणकाराकडून एकदा नीट उतरवून घ्याव्यात, असे मी सुचवेन.

एक गोष्ट मात्र कृपा करून आजच लक्षात ठेवावी. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसण्याची बाजारातली काही द्रवे स्पिरिटयुक्त असतात. ती लाखेच्या तबकडीवर पडली तर खाचा कायमच्या जातात. शुद्ध पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने धुवावे, लेबल कोरडे ठेवावे आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. त्या पेटीत आडव्या एकावर एक रचलेल्या असतील तर आजच उभ्या कराव्यात.

त्या घराबद्दलही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण ते ऐकणे निव्वळ परदेशी हौस नव्हती. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, आणि पुढे तिथे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक रुळला. हा वेदरफोर्ड १९२६मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगच्या सोबत वाजवलेला माणूस. गोव्यातल्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी ही शैली अशा माणसांच्या शेजारी बसून उचलली. त्यांच्यापैकी चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर व्हाज, हा ट्रम्पेटवादक पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. १९५१च्या ‘अलबेला’तली गाणी आपण लहानपणापासून ऐकली असणार. ती आता लावा आणि गाण्यापेक्षा मागच्या ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटकडे कान द्या. आपला कान या संगीताशी वांद्र्याच्या त्या शनिवारांच्या आधीपासून परिचित होता, हे लक्षात येईल. १९५८-५९मध्ये आर्मस्ट्राँगच्या ‘ऑल स्टार्स’मधला जुना ट्रॉम्बोनवादक जॅक टीगार्डन अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यात भारतातही वाजवून गेला, म्हणजे मित्राच्या वडिलांच्या पिढीतल्या मंडळींना असे वादन प्रत्यक्ष ऐकण्याची संधी होती. मित्राचा ठावठिकाणा लागत असेल तर अवश्य विचारा. ऐकणारा दुसरा माणूस शेजारी असला की हे संगीत किती लवकर परत येते, हे मी बैठकीत नेहमी पाहतो.

तरुणपणीचा तो पहिला थरार जसाच्या तसा परत येईल असे मी आपल्याला सांगणार नाही. तो कोणाकोणाला येतो, पुष्कळांना येत नाही. पण ट्रॉम्बोन कुठे होता हे तेव्हा आपल्याला बहुधा ठाऊक नव्हते आणि आता कळू शकते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक श्रोत्यांना या दुसऱ्या आनंदाची गोडी अधिक काळ पुरली आहे.

पेटी उघडाल तेव्हा प्रत्येक तबकडीच्या लेबलावरचा मजकूर आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे व अक्षरे उतरवून इथेच लिहा. त्या आकड्यांवरून मुद्रण कोणत्या साली, कोणत्या संचाने केले हे बहुधा सांगता येते. कोणत्या तबकड्या आधी धुवाव्यात, कोणत्या उतरवून घ्याव्यात आणि ती क्लॅरिनेटची धून त्यांतल्या कुणावर आहे का, हे मी त्यावरून कळवीन.